रोजकीर्द आणि खतावणी

1931 साली उत्तर समुद्रात एका मालवाहू बोटीमागे पत्र्याच्या माशासारखे दिसणारे एक यंत्र दोरीला बांधून सोडले गेले. मीटरभर लांब. तोंडाशी बोट जाईल एवढे भोक, पोटात बारीक जाळीच्या रेशमी कापडाची लांबलचक पट्टी. बोट पुढे जाई तसे पाणी भोकातून आत शिरे, शेपटाकडचा पंखा फिरे आणि त्याच्या फिरण्याने पट्टी सरके. पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव तिच्यावर अडकत, वरून दुसरी रेशमी पट्टी येऊन त्यांना झाकी आणि दोन्हींची मिळून गुंडाळी फॉर्मलिनमध्ये जाऊन बसे. ठरलेले अंतर संपले की खलाशांनी यंत्र वर ओढायचे आणि शास्त्रज्ञांकडे पोचते करायचे, एवढेच काम. बोट शास्त्रज्ञांची नव्हती. ती मालकाचा माल घेऊन आपल्या वाटेने निघाली होती, आणि यंत्र ओढण्याचे तिने भाडे मागितले नाही.

हे यंत्र अलिस्टर हार्डी या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाचे. 1925 ते 1927 या काळात ते ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात गेले होते. देवमासे जे खातात ते कुठे, किती सापडते, याचा शोध घ्यायचा होता. जहाज थांबवून जाळे टाकले की त्या जागेचा नमुना मिळतो. पुढच्या मैलावर काय आहे ते कळत नाही. हार्डींना ठिपके नको होते, रेघ हवी होती. म्हणून त्यांनी चालत्या जहाजामागून सलग नोंद करणारे यंत्र घडवले. पण सलग नोंद करायची तर सतत चालणारी जहाजे हवीत आणि तेवढी जहाजे कोणत्याही विद्यापीठाकडे नसतात. ती व्यापाऱ्यांकडे असतात. हार्डींची खरी हुशारी मला यंत्रापेक्षा या ओळखीत दिसते: समुद्रावर जे रोज जातातच, त्यांच्या पाठीवर आपले ओझे थोडेसे टाकावे.

ही पाहणी आजही चालू आहे आणि अजूनही बहुतांशी व्यापारी जहाजांच्या मेहेरबानीवर. दर दहा सागरी मैलांमागे रेशमाचा एक तुकडा. तो प्रयोगशाळेत येतो, त्याचा हिरवेपणा चार छटांशी डोळ्याने ताडून लिहिला जातो, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जीव ओळखून मोजला जातो. या तुकड्यांवरून ऊबदार पाण्यातले प्लवंग ईशान्य अटलांटिकमध्ये उत्तरेकडे सरकत गेल्याचे कळले. (प्लवंग म्हणजे पाणी नेईल तिकडे जाणारे ते बारीक जीव; समुद्रातल्या सगळ्या जेवणाची पहिली पंगत त्यांची.) 2004 साली तर गंमतच झाली. काही संशोधकांनी साठच्या दशकापासूनचे जपून ठेवलेले जुने तुकडे पुन्हा तपासले आणि त्यांत प्लास्टिकचे तंतू मोजले. काळाच्या ओघात ते वाढलेले दिसले. ज्या खलाशांनी ती यंत्रे ओढली, ज्या बायाबापड्यांनी ते तुकडे नंबर घालून कपाटात ठेवले, त्यांच्यापैकी कोणीही प्लास्टिक शोधत नव्हते.

आता या गोष्टीतला तो भाग, जो स्वयंसेवेचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या सरकारी संशोधन परिषदेने या पाहणीवरून हात आखडता घेतला. पाहणी बंद पडण्याच्या बेतात आली. शेवटी 1990 मध्ये हार्डींच्याच नावाने एक न्यास उभा राहिला आणि त्याने ती सावरली. या अडचणीत जहाजांनी दगा दिला नव्हता. यंत्र ओढणारे फुकट ओढत होते आणि पुढेही ओढायला तयार होते. अडले ते रेशमावरचे जीव मोजणाऱ्या माणसांच्या पगारापाशी. फुकटचा भाग भक्कम होता. पगाराचा भाग कोसळला.

आमच्या आजोबांच्या पेढीवर दोन वह्या असत. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. रोजकिर्दीत दिवसभरात आले-गेले ते त्याच क्रमाने टिपायचे. ती दुकानातला पोऱ्याही लिहू शके. खतावणीत त्यातली प्रत्येक रक्कम आपापल्या खात्यावर चढवायची. ते काम मुनीमजींचे, आणि मुनीमजींना पगार असे, दिवाळीला धोतरजोडीही असे. रोजकीर्द नसेल तर खतावणीत चढवायला काही नाही. खतावणी नसेल तर रोजकीर्द म्हणजे नुसती शाई. समुद्रविज्ञानाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते इतकेच आहे: त्याची रोजकीर्द नेहमीच बिनपगारी किंवा अर्धपगारी माणसांनी लिहिली, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण रोजकीर्द फुकट मिळते म्हणून खतावणीही फुकटात होईल, अशी आशा आता धरली जाते आहे. ही आशा समुद्रालाही महाग पडेल आणि त्यावर आयुष्य घालू पाहणाऱ्या मुलामुलींनाही.

हे सुचायला कारण माझी भाची. तिला समुद्री जीवशास्त्रात काम करायचे आहे. बी.एस्सी. झाली, आणि कामाचा अनुभव हवा म्हणून ती शोधाला लागली. एका ठिकाणी तिला सांगण्यात आले की दोन महिने स्वयंसेवक म्हणून येता येईल. राहण्या-जेवणाचे आणि ‘प्रशिक्षणाचे’ पैसे मात्र भरावे लागतील. आकडा ऐकून आमची ताई म्हणाली, “म्हणजे नोकरीला लागायचे, आणि पगार आपण द्यायचा?” भाची चिडली. आईला यातले काही कळत नाही असे तिचे म्हणणे. मला वाटते ताईला नेमके कळले होते. तिथे गेलेल्या एका मुलीने नंतर भाचीला सांगितले, सकाळी किनाऱ्यावर चालायचे, दुपारी पाहुण्यांना माहिती सांगायची, संध्याकाळी फोटो टाकायचे. नोंदवही होती का? होती. ती पुढे कुठे गेली? ते काही तिला माहीत नव्हते.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत आणि लांबून पाहिले तर त्यांतला फरक दिसत नाही. श्रमदानातही माणूस पैसे न घेता घाम गाळतो आणि वेठीतही. गावाने बंधारा बांधायला घेतला, सगळे पाट्या घेऊन उतरले, ते श्रमदान. पाटलाने बोलावले म्हणून सुगी टाकून त्याच्या वाड्यावर जावे लागले, ती वेठ. फरक मजुरीत नाही. बंधाऱ्याचे पाणी आपल्या शेतात येणार असते आणि नको वाटले तर घरी बसता येते. ज्या मुलीला पुढे शिष्यवृत्ती, प्रवेश, शिफारसपत्र हवे आहे तिला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि तिने टिपलेले आकडे कुठल्या बंधाऱ्यात जातात तेही तिला कोणी दाखवत नाही. मग त्याला स्वयंसेवा म्हणणे हा भाषेवरचा अन्याय आहे.

यात आणखी एक गाळणी बसलेली असते. दोन-चार महिने बिनपगारी, वर पदरचे पैसे घालून राहणे कोणाला परवडते? ज्यांच्या घरी परवडते त्यांना. वर्सोव्याच्या किंवा हर्णैच्या कोळीवाड्यातल्या मुलाला परवडत नाही. तो बारावीनंतर बोटीवर नाहीतर कुरिअरच्या मोटरसायकलवर जातो. म्हणजे ज्याला म्हावरे नुसत्या वासाने ओळखता येते तो गाळणीत अडकतो आणि ज्याने समुद्र सहलीत पाहिला तो पार होतो. पुढे याच क्षेत्रात ‘स्थानिकांचे ज्ञान विज्ञानाशी कसे जोडावे’ यावर परिसंवाद भरतात. चहा चांगला असतो.

समुद्रशास्त्रज्ञाची कारकीर्द घडते तरी कशी, हे पाहायला अदिती पंत यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते. त्या नागपूरच्या जन्माच्या, औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधी घराण्यातल्या. वडील आप्पा पंत परराष्ट्रसेवेत होते. पुण्यात शिकत असताना त्यांच्या हाती समुद्रावरचे एक पुस्तक पडले आणि आपण हेच करायचे असे त्यांनी ठरवले. पुस्तक होते ‘द ओपन सी’ आणि लेखक तेच रेशमी पट्टीवाले अलिस्टर हार्डी. मग अमेरिकी सरकारची शिष्यवृत्ती, हवाई विद्यापीठ, पुढे लंडनला पीएच.डी. तिथे त्यांची भेट एन. के. पणिक्कर यांच्याशी झाली. 1959 ते 1965 या काळात अनेक देशांची जहाजे मिळून हिंदी महासागराची मोठी पाहणी करत होती. तिच्या पोटातून 1 जानेवारी 1966 रोजी गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली आणि पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. त्यांच्या सांगण्यावरून पंत भारतात परतल्या आणि दोनापावलाला रुजू झाल्या. पश्चिम किनारा पायाखाली घातला. 1983 मध्ये भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासोबत त्या गेल्या. तिथे पाय ठेवणाऱ्या या पहिल्या दोन भारतीय स्त्री शास्त्रज्ञ.

या कहाणीत ओढ आहे, जिद्द आहे. त्यावर आपण भाषणे देतो. पण पायरी-पायरीने पाहा: पुस्तक, शिष्यवृत्ती, संस्था, जहाज. चारांपैकी तीन गोष्टी कोणीतरी पैसे मोजल्यामुळे होत्या. शिवाय पुस्तक हाती पडावे असे घरही होते. परराष्ट्रसेवेतल्या घरातल्या मुलीलाही शिष्यवृत्तीवाचून जे जमले नसते, ते आज एखाद्या मच्छीमाराच्या मुलीने ‘आवड असेल तर वाट सापडते’ या आशीर्वादावर करावे, असे आपण म्हणत असतो. कनिष्ठ संशोधकाला 2023 पासून महिना 37,000 रुपये विद्यावेतन ठरले आहे. रक्कम वाईट नाही, पण ती प्रकल्पापुरती असते आणि वेळेवर येईलच असे नाही. प्रकल्प संपला की माणूस संपतो. तीन वर्षे एका खाडीतले शिंपले ओळखायला शिकलेली मुलगी चौथ्या वर्षी बँकेच्या परीक्षेला बसते आणि खाडी पुन्हा अनोळखी होते.

स्वयंसेवकांवर मी उखडलेलो नाही, उलट त्यांचे ऋण मोठे आहे. कोकणातले कासव त्याची साक्ष देईल.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी 2002 मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला गेले ते समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी. किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. पिल्ले निघून गेल्याची नव्हती ती. खणून नेलेल्या घरट्याची होती. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि पुन्हा मागे वळून पाहत नाही. तिने उमटवलेली वाट मात्र सकाळपर्यंत वाळूवर राहते आणि ती वाचता येणारी माणसे गावातच होती, अंडी काढायलाच ती जात. संस्थेने त्याच माणसांना हाताशी धरले. नाना फडणवीसांचे हे गाव हिशेबात पहिल्यापासून पक्के असावे: पुढे 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले, उकडीच्या मोदकांना भाव आला. बाकीच्या गावांनी कित्ता गिरवला. रात्री-पहाटे किनारा तुडवणाऱ्या या माणसांना आता ‘कासवमित्र’ म्हणतात. वनखात्याकडून त्यांना मानधन मिळते. मानधन हा शब्द आपण अशाच वेळी वापरतो, जेव्हा मान पुरेसा असतो आणि धन नसते.

2022 च्या सुरुवातीला कोकणातल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला खुणा पाठवणारी यंत्रे बसवली गेली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेंवरचा हा पहिलाच प्रयोग. प्रथमा, सावनी, लक्ष्मी, वनश्री, रेवा अशी त्यांची नावे ठेवली गेली आणि वर्तमानपत्रांत त्यांचा प्रवास एखाद्या माहेरवाशिणीच्या प्रवासासारखा छापून येऊ लागला. ठीकच. काही महिन्यांत एकेक यंत्र गप्प झाले. पुढच्या वर्षी गुहागरला आणखी दोन, बागेश्री आणि गुहा; त्यांतली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली तेव्हा सगळे चकित झाले.

पण मला भुरळ घातली ती 2025 च्या जानेवारीतल्या एका घटनेने. गुहागरच्या वाळूत अंडी घालणाऱ्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची एक छोटी पट्टी दिसली. पट्टीवर क्रमांक: 03233. चौकशी केली तेव्हा कळले की ती पट्टी 2021 मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेली होती. एकच मादी पूर्व किनाऱ्यावर अंडी घालते आणि पश्चिम किनाऱ्यावरही! दोन्ही किनाऱ्यांवरच्या कासवांचे संसार वेगळे, असे मानण्याकडे जाणकारांचा कल होता. त्या समजुतीला या पट्टीने धक्का दिला.

पट्टीला बॅटरी नव्हती. ती बोलत नव्हती, नुसती होती. चार वर्षे समुद्राने तिला वागवले आणि एका रात्री कोणीतरी कंदिलासारख्या मंद उजेडात, मादीला त्रास न देता, खाली वाकून तो आकडा वाचला. ही झाली रोजकीर्द. पण तो आकडा सांगायचा कोणाला, आणि ओडिशात चार वर्षांपूर्वी कोणी काय लावले याची वही उघडून ‘हो, ही आमचीच’ म्हणायला कोणी जागेवर आहे का? ती वही ठेवणारा माणूस एखाद्या तीन वर्षांच्या प्रकल्पावर असता आणि प्रकल्प 2024 ला संपला असता, तर 03233 हा एक आकडा झाला असता, दुसरे काही नाही.

स्वयंसेवकांच्या नोंदींवर शास्त्रज्ञांचा नेहमीचा आक्षेप असतो, की त्या कच्च्या असतात. असतातच. मुंबईत 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाची मंडळी ओहोटीला गिरगाव, हाजी अली, जुहूच्या खडकांवर लोकांना घेऊन फिरतात. तळव्याएवढ्या डबक्यात समुद्रफुले, रंगीत समुद्री गोगलगायी, एखादे लपलेले माकूळ. मीही एकदा गेलो होतो आणि ज्याला मी ठामपणे शेवाळ म्हणालो ते प्राणी निघाले. माझ्यासारख्याची नोंद कोणत्या शास्त्रज्ञाने का मानावी? त्याने मानूच नये. पण मी फोटो काढला होता, त्यावर जागा होती, तारीख होती, आणि तो उघड्यावर ठेवला की जाणकार त्याला योग्य नाव देतो. चूक माझी राहते, पुरावा मात्र उपयोगी पडतो. हे नाव देणारे जाणकार मूठभर आहेत, त्यांतले कित्येक निवृत्त, आणि कोवळ्या वयात गोगलगायींची नावे शिकण्यात दहा वर्षे घालवील अशा माणसाला आज कोणते विद्यापीठ नोकरी देते? जीवांना नावे देण्याची विद्या हीच खतावणीतली सगळ्यात जुनी विद्या, आणि सगळ्यात आधी तीच मोडीत निघाली आहे.

दुसरीकडे, ज्याला आपण स्वयंसेवक म्हणतही नाही अशा माणसाकडून उत्तम नोंद मिळू शकते. डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारने एक योजना काढली. जाळ्यात संरक्षित जीव सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. भरपाईसाठी पुरावा हवा, म्हणून तांडेलाने सुटकेचे चित्रण करायचे. हेतू जीव वाचवण्याचा. पण प्रत्येक अर्जासोबत कोणता जीव, कधी, कुठे याची एक साक्षच दाखल होते. व्हेल शार्क, हिरवी कासवे, ऑलिव्ह रिडले. किनाऱ्यापासून कित्येक वाव पाण्यात, जिथे एकही शास्त्रज्ञ हजर नव्हता. या योजनेत मला आवडते ते हे की सरकारने कोणाला निसर्गप्रेमाचा उपदेश केला नाही. जाळ्याची किंमत मानली. ज्याचे जाळे गेले त्याचे ते श्रमदान होऊ दिले नाही.

मग पैसा कुठे जातो? मोठ्या गोष्टींना जातो, आणि जावा. 2021 मध्ये केंद्राने पाच वर्षांसाठी 4,077 कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर केली. तीन माणसांना 6,000 मीटर खोल नेणारी ‘मत्स्य 6000’ पाणबुडी तिच्यातलीच. ती उतरेल तेव्हा मीही टाळ्या वाजवीन. पण समुद्राचा स्वभाव एका बुडीत कळत नाही. गोव्याच्या कांदोळीसमोर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1997 पासून एकाच ठिकाणच्या पाण्याचे नमुने पुन्हा पुन्हा घेतले. त्यातून दिसले की दर पावसाळ्यात खालचे कमी प्राणवायूचे पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढून येते, पावसाळा संपता संपता तळाशी प्राणवायू जवळजवळ उरत नाही आणि मग दुर्गंधी गंधकवायू तयार होतो. मासे तिथून पळतात, जे पळू शकत नाहीत ते मरतात. हे कळायला पाणबुडी लागली नाही. तीच जागा, तेच पाणी, तीच बाटली, आणि कंटाळा न येणारी माणसे लागली. अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे चार्ल्स कीलिंग 1958 पासून हवाईच्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होते. त्यांचा तो चढता आलेख आज शाळकरी पोरांना ठाऊक आहे. त्यातही 1964 च्या सुरुवातीला काही महिन्यांची फट आहे. हवा तेव्हाही होतीच; पैसे नव्हते. गेलेला आठवडा नंतर कितीही कोटी दिले तरी मोजता येत नाही. जहाज उशिरा बांधले तर चालते, नोंद उशिरा करता येत नाही, आणि आपले अर्थसंकल्प नेमके उलट्या समजुतीवर चालतात.

कंपन्यांच्या सामाजिक निधीतून समुद्राला काही द्यायचे झाले की किनारा सफाई ठरते. टोप्या, हातमोजे, फलक, दोन तासांत अडीच ट्रक कचरा. सफाई वाईट कशी म्हणू? पण 1986 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर अशी सफाई झाली तेव्हा प्रत्येकाच्या हातात पिशवीबरोबर एक कार्डही होते: किती बाटल्या, किती दोर, किती झाकणे. आज जगभर होणाऱ्या किनारा सफाईचे मूळ तिथे आहे, आणि कचरा येतो कुठून हे विचारण्याचे बळ त्या कार्डांमुळे आले. आपण पिशवी घेतली आणि कार्ड विसरलो. पिशवी भरली की छायाचित्र निघते. कार्ड भरायला वाकून राहावे लागते, आणि नंतर ती कार्डे बेरजेला लावायला कोणाला तरी टेबल, खुर्ची आणि महिन्याच्या एक तारखेला पगार द्यावा लागतो. या खुर्चीवर देणगीदाराचे नाव कोरता येत नाही, ही त्यातली अडचण.

स्वयंसेवकाला मोबदला म्हणून काय द्यावे यावर खूप बोलले जाते: प्रमाणपत्र, टी-शर्ट, सत्कार. मला वाटते त्याला त्याचाच आकडा परत द्यावा. तू सांगितलेस, त्याचे पुढे हे झाले, आणि हे तुझ्या भाषेत. कोकणातले किती तरी तांडेल वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या प्रश्नावल्या भरून देत आले आहेत. उधाणाला काय लागते, भांगाला काय लागते, पापलेट कधीपासून रोडावले, कोणत्या खडपाजवळ घोळ मिळायची. त्यावर प्रबंध झाले, ते इंग्रजीत, कपाटात. तांडेलाला त्याचा एक परिच्छेदही वाचून दाखवलेला नसतो. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी पुन्हा ‘तुमच्या मते माशांचे प्रमाण कमी झाले आहे का’ याच प्रश्नावर खूण करायला येतो तेव्हा तांडेल खुशाल काहीही सांगतो. का सांगू नये? आणि त्याला वहीत काय लिहिले ते दाखवले असते तर चूकही तिथल्या तिथे सापडली असती, हे मला भाचीमुळे कळले.

पैसे भरून जायचा बेत तिने अखेर सोडला. कॉलेजच्या प्रकल्पासाठी वर्सोव्याच्या बंदरावर ती पहाटे जाऊन बसू लागली, डोल जाळ्याच्या होड्यांवरून उतरणारे बोंबलाचे हारे मोजत. चार महिने मोजले. घरी येई तेव्हा वास येई, ताई तिला थेट न्हाणीघरात पिटाळी. शेवटी तिने आलेख काढला. रेघ वर-खाली होत गेली होती आणि मध्यभागी एका आठवड्यात एकदम खाली कोसळली होती. तिने त्यावर विचार केला, वाचन केले, पाण्याचे तापमान तपासले, प्राणवायूबद्दल अर्धे पान लिहिले. मी वाचले, मला पटले. मग ती तो कागद घेऊन, ज्यांच्या होडीवर ती सर्वांत जास्त वेळा गेली होती त्या तांडेलकाकांकडे गेली, मीही सोबत होतो.

काकांनी चष्मा लावला. आडवी रेघ म्हणजे दिवस, उभी रेघ म्हणजे हारे, हे तिने एकदाच सांगितले. त्यांनी बोट ठेवले ते थेट त्या खड्ड्यावर.

“ह्यो कवाचा?”

तिने तारखा सांगितल्या. काकांनी आत बसलेल्या बायकोला काहीतरी विचारले, तिने आतूनच उत्तर दिले, आणि दोघेही हसले.

“म्हावरा नव्हता असा नाय, बाय. पाटलाचे घरा हलद होती. होऱ्या कोन नेनार?”

भाचीने पिशवीतून पेन काढले. अर्ध्या पानावर रेघ मारली आणि खाली विचारले, “काका, त्या आठवड्यात रोज किती होड्या गेल्या होत्या, आठवतं का?” काकांनी बोटे मोजायला सुरुवात केली.